गल्लीची गस्त कशी सुरू करावी

मी बावीस वर्षं पहाटे घरोघर दूध टाकतो. कोणाचं घर बंद आहे ते मला लगेच कळतं, कारण कालची पिशवी कडीला तशीच लटकत असते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या गल्लीत एका रात्रीत तीन घरं फुटली. तिन्ही दारांवर पिशव्या होत्या आणि मी त्या बघून पुढे गेलो होतो. ते मला अजून सलतं. त्यानंतर आम्ही जे केलं, ते सांगतो.

सुरुवात पोलीस ठाण्यापासून करा. ठाण्याची हद्द बीटमध्ये, म्हणजे लहान लहान भागांत, वाटलेली असते आणि प्रत्येक बीटला अंमलदार असतो. तुमचा कोण, ते विचारा आणि पाच-सहा जण मिळून भेटा. दोन तरी बायका बरोबर हव्यात, कारण दुपारी गल्लीत कोण फिरतं ते त्यांनाच ठाऊक असतं. नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, कागद न्या: बंद पडलेले दिवे, पडीक घर, मागची बोळ, एकटे राहणारे म्हातारे. आमच्या हवालदारांनी तो कागद बघून रात्रीच्या फेरीत मागची बोळ घेतली. दिव्यांसाठी मात्र नगरपालिकेत चार खेपा घालाव्या लागल्या.

गावाला जाताना दूध आणि पेपर बंद करा, शेजाऱ्याला आणि ठाण्यात कळवा. सोनं लॉकरमध्ये ठेवा. गेल्याचे फोटो परत आल्यावर टाका.

आता गस्त. पोलिसांना नावं देऊन, त्यांच्या सल्ल्यानेच सुरू करा. चौघांची एक तुकडी, बारा ते चार, हातात बॅटरी आणि शिट्टी. काठी आम्ही ठेवत नाही. यावर आमच्यात बराच वाद झाला, पण मी हटलो नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले. दोन्हीकडे अफवा आधी पोचली होती. म्हणून अनोळखी माणूस दिसला तर आमची पोरं आधी विचारतात, “काका, कोणाकडे जायचंय?” बहुतेक वेळा तो पत्ता चुकलेला पाहुणा निघतो. शंका उरली तर ११२ लावायचा, लांबून नजर ठेवायची. चोरी करताना कोणी हाताशी सापडलाच, तरी मारायचं नाही. कायद्याप्रमाणे त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. “भंगारवाला आलाय, सावध राहा” असले मेसेज आमच्या ग्रुपवर चालत नाहीत. मेसेज टाकायचा तर वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि काय पाहिलं एवढंच.

कॅमेरा बसवला की त्याचं घड्याळ तपासा. आमचं चाळीस मिनिटं पुढे होतं, त्यामुळे पोलीस भलत्याच वेळेची गाडी शोधत बसले. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून चोरीनंतर त्याच दिवशी पोलिसांना सांगा.

घर फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, कपाटाला हात लावू नका. ठसे जातात. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात घरफोडीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या.

अंमलदारांची बदली होते. आमच्याकडे तीन वर्षांत दोनदा झाली. नवे आले की त्याच आठवड्यात तोच कागद घेऊन भेटायचं. त्यात आता घर नंबरापुढे एक रकाना वाढलाय: दूध कोणत्या तारखेपासून बंद. तो मी भरतो.