घरातली सिस्टर शोधताय? या चुका टाळा

आजीच्या पेटीत तिच्या थोरल्या बहिणीचा फोटो होता. ती सिस्टर, म्हणजे कॅथलिक नन झालेली. मागे शाईने सिस्टरचं नाव आणि पुढे 'एफ. सी.'. मी ती आद्याक्षरं धरली. एफ म्हणजे वडील फ्रान्सिस, सी म्हणजे आडनाव कुटिन्हो! वांद्र्यातल्या निम्म्या कुटिन्होंची दारं वाजवून झाल्यावर एका म्हाताऱ्या सिस्टरने हसत सांगितलं, "बाळा, ते आमच्या संघाचं नाव आहे." एफ. सी. म्हणजे फिलिए क्रुसिस, डॉटर्स ऑफ द क्रॉस; १८३३ मध्ये बेल्जियममधल्या लीएजला सुरू झालेला धर्मसंघ. तसंच आर. जे. एम. म्हणजे जीझस अँड मेरी, ए. सी. म्हणजे अपॉस्टॉलिक कार्मेल. नाव बघण्याआधी ही अक्षरं वाचा. संघ कळल्याशिवाय पुढचा शोध म्हणजे समुद्रात सुई.

दुसरी चूक नावाची. कॉन्व्हेंटच्या (सिस्टरांच्या मठाच्या) दारात जाऊन "आमची रोझी इथे होती का?" असं विचारू नका. हॅबिट (सिस्टरांचा झगा) घेताना बहुतेकींना नवं नाव मिळायचं आणि संघाच्या कागदांत तेच चालायचं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) अनेकींनी बाप्तिस्म्याचं नाव परत घेतलं. त्यामुळे १९४०चं पत्र आणि १९७५चं पत्र वेगवेगळ्या नावांनी असेल, तर घरात दोन सिस्टर होत्या असं लगेच समजू नका.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या समासावरही फार भरवसा नको. तिथे लग्नाची नोंद असते. पण १९१७च्या चर्च कायद्यानुसार व्रतांपैकी फक्त 'सोलेम' (चर्चने जास्त बंधनकारक मानलेल्या) व्रतांची नोंद तिथे व्हायची. शाळा-दवाखाने चालवणाऱ्या बहुतेक सिस्टर 'सिंपल' (साधी) व्रतं घ्यायच्या. अखेरच्या व्रतांची नोंद सरसकट करण्याचा नियम १९८३चा. म्हणजे समास कोरा दिसला म्हणून ती कॉन्व्हेंटमध्ये गेलीच नाही, असं ठरत नाही.

आणि हो, वही नेमकी कुठल्या चर्चची? १९२८ पर्यंत मुंबईत काही चर्च पद्रोआदोखाली (पोर्तुगालच्या आश्रयाखाली) होती, तर काही प्रोपागांडाखाली (रोमच्या मिशन खात्याखाली). शेजारच्या घरांची चर्चंही वेगळी असायची. पोर्तुगीज किंवा लॅटिन वाचणारं कुणी सोबत न्या.

मुंबईतच शोधत बसण्याची चूक मीही केली. १९४८ मध्ये वेगळा धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा भाग) होईपर्यंत कराची मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होतं आणि सिस्टरांच्या बदल्या सिंधपर्यंत व्हायच्या. शाळेच्या रेकॉर्डमध्येही ती सापडेलच असं नाही. स्वयंपाक-धुणं बघणाऱ्या 'ले सिस्टर' वर्गात जायच्याच नाहीत.

थडग्याचं म्हणाल, तर मुंबईच्या दफनभूमीत जागेची बोंब. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. दगड शोधत उन्हात फिरण्यापेक्षा संघाच्या प्रांतिक सिस्टरना (त्या प्रांताच्या प्रमुखांना) पत्र टाका. त्यात दोन्ही नावं (माहीत असल्यास), आईवडिलांची नावं, गाव, धर्मग्राम (पॅरिश) आणि घर सोडल्याचं अंदाजे साल लिहा. "सगळी माहिती पाठवा" असं लिहिलं की पत्र बाजूला पडतं. प्रवेशाची तारीख आणि मृत्यूची तारीख, एवढंच मागा. अनेक संघांत मृत सिस्टरांची तारीखवार यादी असते आणि त्या-त्या दिवशी ते नाव मोठ्याने वाचतात.

आमच्या आजीच्या बहिणीचं नाव तिथे दर वर्षी वाचलं जात होतं. फक्त घरातल्या कुणाला ते माहीत नव्हतं.