भेंडीचे ठसे, दोऱ्याची नक्षी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी रंग घरीच शिजवलेला बरा, कारण या वयात रंगाचं बोट तोंडात जाणारच. इंदूरच्या घरांत रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, उरलेल्या रंगाच्या पुड्या असतातच. त्या यात अजिबात घालू नका. त्यांत काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही.

चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाव कप गार पाण्यात कालवा. पाऊण कप पाणी उकळा, गॅस मंद करा आणि हे मिश्रण बारीक धारेने ओतत ढवळत राहा. दोनेक मिनिटांत पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात: वरचा थर लगेच शिजतो, आत पीठ कोरडंच राहतं. चिमूटभर मीठ घाला. गार झाल्यावर खळ आणखी घट्ट होते, तेव्हा पाणी त्यानंतरच घालायचं. ठशांना दह्याइतकी दाट लागते, दोऱ्याला ताकाइतकी पातळ. बहुतेकांचं काम इथेच फसतं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की फेका.

वाटीभर खळीला खाण्याच्या रंगाचे पाच-सहा थेंब पुरतात. बीटाचा गुलाबी सुरेख येतो, पण काही दिवसांत तपकिरी पडतो. पिवळ्यासाठी अर्धा छोटा चमचा हळद. हळदीने रंगवून वाळलेल्या कागदावर साबणाच्या वडीच्या पाण्यात बुडवलेला ब्रश फिरवला की रेघ लाल उमटते. मुलं याच खेळात अर्धा तास रमतात. कपड्यावरचा डागही धुताना असाच लाल होतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका, फिका पडतो.

ठशांना जून, जाड भेंडी घ्या. कोवळी दाबताच चेपते. देठाकडचा तीन इंची भाग मूठ म्हणून ठेवून आडवी कापा आणि कापलेली बाजू दहा मिनिटं वर्तमानपत्रावर टेकवून ठेवा, म्हणजे चिकटा शोषला जाईल. बटाट्यावर आकार कोरायचा तर अर्धा सेंटिमीटर खोल, आणि सुरी मोठ्यांच्याच हातात. त्याचं पाणी सुटून ठसा फिका पडतो, म्हणून दर चार-पाच ठशांनी पुसा. ताटलीत ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेवा, वर चमचाभर रंग पसरा. ठसा थेट रंगात बुडवला तर भेंडीच्या चांदणीचा नुसता गोळा उमटतो. पहिला ठसा रद्दीवर, दुसरा कागदावर. दाबायचं आणि सरळ वर उचलायचं.

दोऱ्याच्या नक्षीला दीड फूट जाड सुती दोरा. संक्रांतीचा उरलेला मांजा चालणार नाही, बोट कापेल. लोकर रंग पिऊन बसते. जाड ड्रॉइंगचा कागद मधोमध दुमडून उघडा, रंगात भिजवलेला दोरा एका अर्ध्यावर वेटोळा टाका, टोक बाहेर ठेवा. कागद मिटा, वर पुस्तक ठेवून तुम्ही दाबा, मुलाला दोरा हळूहळू ओढू द्या. झटक्याने ओढला तर फक्त एक फराटा.

उरलेल्या रंगात कान साफ करायची कापसाची काडी बुडवून ठिपके. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे याच इंदूरचे, जन्म 1910. त्यांची नंतरच्या काळातली कितीतरी चित्रं अशीच ठिपक्याठिपक्यांची आहेत. मुलांना दोन-चार दाखवा, आधी मात्र त्यांचं त्यांना करू द्या.

मे महिन्यात ताटलीतला रंग बघता बघता सुकतो, तेव्हा एका वेळी चमचाभरच काढा. चित्रं पंख्याखाली वाळवू नका, कागद वळतो. पावसाळ्यात रात्रभर लागते. थर जाड असेल तर वाळून तडकतोच.

भेंडी, बटाटा ओल्या कचऱ्यात. उरलेली खळ मोरीत ओतू नका, पाइपात घट्ट होऊन बसते. ताटली आधी रद्दीने पुसा, मग धुवा.