घरी लिहिलेला कोड कुणाचा?

नोकरी सांभाळून रात्री स्वतःचं ॲप बनवताय? आधी नेमणूकपत्र काढून बौद्धिक संपदेचं कलम शब्दन् शब्द वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनीच. सॉफ्टवेअरही त्यात आलं. फावल्या वेळातलं काम सहसा त्यात बसत नाही. पण अनेक करारांत ‘नोकरीच्या काळात तयार केलेलं सर्व काही’ असं वाक्य असतं आणि तिथेच गाडं अडतं. तसं दिसलं तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एचआरकडून ॲपचं नाव आणि काम नमूद केलेली लेखी परवानगी घ्या. मॅनेजरच्या तोंडी ‘चालेल रे’वर विसंबू नका. ऑफिसचा लॅपटॉप तर जेवणाच्या सुट्टीतही नको. प्रत्येक कमिटवर, म्हणजे कोडमधल्या जतन केलेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीवर, तारीख-वेळ उमटते आणि काम कधी झालं ते त्यातून दिसतं.