मुलांच्या खेळाबाबत या चुका टाळा : खानदेशातल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा चोपडा, शिरपूर, शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या आठवीच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. जेवताना हातात मोबाइल येतो आणि घरात तक्रार सुरू होते की पोरगं नुसतं बसून असतं, आळशी झालंय. त्याच्या दिवसातला खेळाचा तास आपण मोठ्यांनीच काढून घेतलाय, हे कुणी बोलत नाही. तो तास परत कसा द्यायचा आणि देताना काय चुकतं, त्यावर हे लिहितोय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस जोराचं धावणं, उड्या, हाडं आणि स्नायू बळकट करणारे व्यायाम हवेत. जगभरात ११ ते १७ वयाच्या पाचपैकी चार मुलांची एवढी हालचाल होत नाही, असं याच संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं होतं.

खेळाला उरलासुरला वेळ देणं

"खेयीसन काय पोट भरस का?" हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, पुढे पोलीस उपअधीक्षक झाले, म्हणजे पोट भरतंही. पण खेळाचा हिशेब नोकरीत मांडूच नका. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना केसरी व्हायचं नाहीये. त्यांना नीट झोप लागावी, वर्गात लक्ष लागावं, चाळिशीत साखर आणि बीपीच्या गोळ्या सुरू होऊ नयेत, यासाठी खेळायचंय.

दहावीचं वर्ष आलं की खेळ पूर्ण बंद करणारे पालक तर फार. वर्षभर बसवून ठेवलेलं मूल परीक्षेच्या आधी चिडचिडं होतं, झोप बिघडते. त्या वर्षी वेळ कमी करा, बंद करू नका. क्लासची बॅच निवडताना साडेपाच ते साडेसहा मोकळे राहतील असं बघा. तेही जमत नसेल तर तुकडे करा: सकाळी वीस मिनिटं दोरीवरच्या उड्या, शाळेत सायकलने जाणं-येणं, रात्री जेवणाआधी गल्लीत पकडापकडी. सलग साठच हवीत असा नियम नाही. पुरेसा जोर लागतोय का, हे ओळखायची सोपी खूण आहे. मुलाला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर हालचाल मध्यम जोराची आहे. चार शब्द बोलून श्वास घ्यावा लागतोय, तर जोराची.

"शेतात राबतो, त्याला आणखी कशाला?"

दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की खेड्यातली कितीतरी मुलं घरच्यांबरोबर शेतात असतात. थकवा येतो म्हणून व्यायाम झाला असं आपण धरून चालतो. पण वाकून तासन् तास एकाच तऱ्हेने हात चालवण्याने पाठ-कंबर भरून येते, छाती-फुप्फुसांना धावण्याचं काम मिळत नाही. खेळातली मजा, सवंगडी, हरणं-जिंकणं तर त्यात नसतंच. शाळेपर्यंतची पायपीट आणि सायकल मात्र जरूर मोजा. मानव विकास योजनेतून मुलींना मिळालेली सायकल घरातल्या दादाने पळवू नये, एवढं तरी आईवडिलांनी पाहावं.

पीटीचा तास : एक खेळतो, बाकीचे बघतात

इथे सगळ्यात मोठी गळती आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. पीटीचा तास गणिताला दिला जातो ही एक गोष्ट. पण जिथे तास होतो तिथेही मैदानाकडे नीट बघा. हजेरी आणि रांगा लावण्यात दहा मिनिटं जातात. मग एक बॅट, एक बॉल आणि अख्खा वर्ग. एक मारतो, एक टाकतो, एक यष्टीमागे. बाकीची पोरं कमरेवर हात ठेवून उभी, आणि मुली कडुनिंबाखाली गप्पा मारत बसलेल्या. तास संपतो तेव्हा निम्म्या वर्गाला घामही आलेला नसतो.

दुरुस्ती अवघड नाही. मैदानाचे चुन्याने चार भाग पाडा, प्रत्येक भागात दहा-बारा मुलं. एकीकडे लंगडी, दुसरीकडे साखळीची पकडापकडी, तिसरीकडे लगोरी, चौथीकडे दोरीवरच्या उड्या. सात-आठ मिनिटांनी शिट्टी वाजली की गटांनी जागा बदलायची. हजेरी वर्गातच घ्या.

दुसरी चूक दिसत नाही पण फार नुकसान करते. आपल्या बहुतेक खेळांत बाद झालेला बाहेर बसतो. म्हणजे ज्याला धावायची सर्वांत जास्त गरज आहे, तो जाडसर, हळू पळणारा मुलगा पहिल्या मिनिटाला बाद होतो आणि उरलेला वेळ धुळीत बसून रेघा ओढतो. नियम बदला. बाद झाला की त्याने कडेला दहा उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. मुलं हा नियम आनंदाने घेतात.

आणि उठाबशा, मैदानाला चकरा या गोष्टी शिक्षा म्हणून देणं कृपा करून थांबवा. गृहपाठ केला नाही म्हणून पाच चकरा मारलेला मुलगा मोठेपणी आपल्या आवडीने धावायला का जाईल? वजनावरून, काळ्या रंगावरून, पळायच्या ढबीवरून हसणंही तसंच. "ढोल्या" हे नाव एकदा मैदानावर पडलं की मूल पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसायला लागतं.

खानदेशी ऊन हलक्यात घेणं

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. सुट्टी असते, पोरं अकरा वाजता बॅट घेऊन निघतात, आणि घरचे म्हणतात, सवय आहे त्यांना. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तीही रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेला तर. लग्नाला पुण्या-मुंबईहून आलेल्या भाचरांना पहिल्याच दिवशी दुपारच्या मॅचला पाठवू नका.

मे महिन्यात खेळ सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. उन्हाळी शिबिरं घेणाऱ्यांनीही हीच वेळ ठेवावी. सकाळची शाळा सुटल्यावर बारा वाजता कवायत बसवण्याचा हट्ट नको. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी अर्धा ते एक ग्लास पाणी प्यायला लावा. घरचं मीठ घातलेलं ताक, लिंबू-सरबत उत्तम. जास्त घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट भरलेले.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही पहिली खूण. खेळ तिथेच थांबवा, सावलीत आडवं करा, पाणी पाजा. मूल बरळायला लागलं, चालताना झोकांड्या जायला लागल्या, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात धरा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा, जांघेत ओली फडकी ठेवा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. कांद्याचा रस चोळत बसण्यात ती मोलाची मिनिटं जातात.

मुलगी मोठी झाली, खेळ संपला

सहावीपर्यंत मुलांच्या बरोबरीने खो-खो खेळणारी मुलगी आठवीत मैदानावर दिसेनाशी होते. पाळी सुरू झाली, ओढणी आली, "लोक काय म्हणतील" आलं. हाडांचं नुकसान नेमकं इथे होतं. माणसाच्या हाडांचा सुमारे ९० टक्के साठा मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत तयार होतो, आणि उड्या-धावण्याने तो वाढतो. ती वर्षं बसून काढली की पन्नाशीत गुडघे-कंबरेची जी रड सुरू होते, ती आपण घराघरांतल्या आई-आजींमध्ये बघतोच आहोत.

पाळीच्या दिवसांत खेळल्याने काहीही बिघडत नाही. हलक्या व्यायामाने बऱ्याच मुलींचं पोटदुखणं कमीच होतं. खूप दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती, पण चार दिवसांची सक्तीची सुट्टी नको. मुली खेळ सोडतात त्यामागची कारणं बहुधा फार साधी असतात आणि त्या आपणहून सांगत नाहीत: शाळेच्या संडासात पाणी नाही, पॅड बदलायला जागा नाही, पळताना छातीला नीट आधार देणारे आतले कपडे नाहीत, पांढऱ्या पँटवर डाग पडेल ही धास्ती. गडद रंगाची ट्रॅकपँट चालू द्या. बाकीचं आईने, काकूने किंवा शाळेतल्या बाईंनी एकदा मोकळेपणाने बोलून सोडवावं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाला झोके बांधून सासुरवाशिणी आणि पोरीबाळी उंच उंच झोके घेतात, गाणी म्हणतात, तेव्हा गावात कुणी नावं ठेवत नाही. मग रोज संध्याकाळी आठ-दहा मुलींनी एकत्र मैदानावर जाण्यात काय वाईट? एकटीला पाठवायची भीती वाटते, तर गट करून पाठवा आणि एक-दोन आयांनी बरोबर जाऊन तेवढा वेळ मैदानाभोवती चालावं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो पुरुषांबरोबर भारताच्या मुलींनीही जिंकला, आणि त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच. आपल्या लेकींना हे सांगा.

"आधीच बारीक आहे, खेळून आणखी वाळेल"

बारीक मुलाला खेळण्यापासून अडवलं तर त्याची भूक आणखी मरते. खेळ चालू ठेवा आणि ताट भरा. मात्र मूल दोन मिनिटांत धापा टाकत असेल, पापणीची आतली बाजू फिकी दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर आधी रक्त तपासा. आपल्याकडे किशोरवयीन मुलींमध्ये निम्म्याहून जास्त जणींना रक्त कमी असतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि अधूनमधून मिळणारी जंतनाशक गोळी "गरम पडते" म्हणून खिडकीबाहेर फेकली जाते. लोहाची गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते.

सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावलकडे, आणि तिकडे साक्रीतही सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झालीच पाहिजे. त्यात दोन उलट चुका होतात. एक, तपासणी न करताच मुलाला उन्हात लांब पळवणं. पाणी कमी पडलं आणि फार दमणूक झाली की सिकलसेलच्या मुलाला असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. दुसरी, आजार कळल्यावर त्याला कायमचं कोपऱ्यात बसवणं. डॉक्टरांना विचारून, भरपूर पाणी, मध्ये मध्ये विसावा, कडक ऊन आणि थंडगार पाण्यातलं डुंबणं टाळून ही मुलं खेळू शकतात. वर्गशिक्षकांना आणि पीटीच्या सरांना मात्र हे माहीत हवं.

भरतीची घाई

पहाटे पाचला आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जा, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रस्त्याने पळताना दिसतील. त्यांच्या जिद्दीचं कौतुक वाटतं आणि काळजीही. जाहिरात निघाली की सराव सुरू होतो आणि पहिल्याच आठवड्यात मुलगा रोज १६०० मीटर घड्याळ लावून पळतो, मुलगी ८००. तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते. मेडिकलमधून गोळी आणायची आणि तसंच पळायचं. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल, रात्री बसल्या जागी ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. गोळी घेऊन पळाल्याने ती वाढते आणि वर्षच हातचं जातं.

चार-सहा महिने आधी सुरुवात करा. पहिला महिना चालणं आणि हळू धावणं आलटून पालटून. अंतर आठवड्याला थोडंच वाढवा. आठवड्यातले दोन दिवसच वेगाचे, एक दिवस पूर्ण विश्रांती. डांबरापेक्षा मातीची वाट किंवा मैदान बरं, झिजलेले बूट बदला. डांबरी रस्त्यानेच जावं लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने पळा, अंगात पांढरा किंवा चमकणारा कपडा असू द्या. काळा टी-शर्ट, कानात इअरफोन आणि पहाटेचा हायवे हे एकत्र आलं की जीवावर बेततं. ताकदीची इंजेक्शनं आणि बिननावाच्या पावडरी विकणाऱ्यापासून तर चार हात लांब राहा.

खाणं आणि मोबाइल

यावर सगळीकडे लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. मैदानावरून आलेल्या मुलाला कुरकुऱ्यांचं पाकीट किंवा एनर्जी ड्रिंक देऊ नका. रावेर-यावलची केळी दारात असताना महागडे डबे कशाला? केळं, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, आणि जेवणात कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळल्याने तिच्यातून प्रथिनंही चांगली मिळतात.

मोबाइल हिसकावून घेतला तर भांडण होतं आणि मूल मैदानावर जातच नाही. आधी खेळ, मग ठरलेला वेळ फोन, असा क्रम ठेवा. रात्री फोन आईवडिलांच्याही उशाशी नको. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास आणि पुढे अठरापर्यंत आठ ते दहा तास झोप लागते. ती झाली नाही तर सकाळच्या मैदानाची सगळी आखणी कोलमडते.

हे दिसलं तर वाट बघू नका

धावता धावता शुद्ध जाऊन पडणं, खेळताना छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झालेला असणं. यातलं काहीही असेल तर हृदयाची तपासणी होईपर्यंत जोराचा खेळ थांबवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी मोफत करतं आणि गरज पडल्यास पुढच्या उपचारांसाठी पाठवतं. पथक येण्याची तारीख वर्गशिक्षकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाबरोबर वहीच्या पानावर ही लक्षणं लिहून पाठवा. तारीख लांब असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्वतः घेऊन जा.