क्रूझची केबिन दुसऱ्याच्या नावावर कशी करायची?

वहिनींचा पाय मुरगळला तो बरोबर मुंबई–गोवा क्रूझच्या तीन आठवडे आधी. दादा म्हणाला, सगळंच रद्द करू. सोलापुरातल्या आमच्या एजंटाने त्याला फोनवरच थांबवलं, "कॅन्सल दाबू नका की ओ! नाव बदलून घेऊ."

हाच पहिला धडा. रद्द केलं की कंपनीची कपात सुरू होते, आणि तारीख जवळ येईल तशी ती वाढत जाते. एकदा रद्द झालेलं बुकिंग पुन्हा उभं करणं जवळपास अशक्य. म्हणून आधी ॲपवरच्या कुठल्याही बटणाला हात न लावता बुकिंगच्या अटींमध्ये नावबदलाचं कलम वाचा.

केबिनचं भाडं बहुधा दोघांच्या हिशेबाने असतं. एक जण गळला तरी उरलेल्याला अनेकदा जवळपास दोघांचं भरावं लागतं, त्यामुळे रिकामी जागा भरण्यातच शहाणपण. पण मूळ प्रवाशांपैकी निदान एक जण बुकिंगमध्ये राहिलाच पाहिजे, अशी बऱ्याच कंपन्यांची अट असते. दोन्ही नावं बदलायची म्हटलं तर ते नवं बुकिंग धरतात आणि आजचा भाव लावतात. आमच्याकडे दादा जाणारच होता. वहिनींच्या जागी ताईचं, म्हणजे आमच्या बहिणीचं, नाव घालायचं ठरलं.

बुकिंग एजंटामार्फत असेल तर अर्ज त्याच्याकडूनच जाऊ द्या. कंपनी सहसा थेट तुमच्याशी बोलत नाही. ईमेलमध्ये बुकिंग क्रमांक, कोण गळणार, कोण येणार, नव्या प्रवाशाची जन्मतारीख आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढं हवंच. फोनवरच्या "होऊन जाईल"वर विसंबू नका.

नावाचं स्पेलिंग ही खरी डोकेदुखी. ताईचं आधार सासरच्या नावाने, पासपोर्ट माहेरच्या. आपल्याकडे तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात, तिथेही गोंधळ होतो. सोपा नियम असा, की बंदरावर जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचं नाव अक्षर न अक्षर द्यायचं. देशातल्या सफरीला आधार चालतं. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतो आणि त्याची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक असावी. येणारी व्यक्ती गरोदर असेल तर तेही आधीच विचारा. २४ आठवड्यांनंतर बहुतेक जहाजं घेत नाहीत.

शेवटचा हप्ता भरायच्या आधी हे काम सोपं असतं. नंतर शुल्क लागतं. प्रवाशांची यादी बंदराकडे गेली की मग दार बंदच. तुम्ही जागा घरच्याला न देता ओळखीच्या कुणाला देत असाल, तर नव्या नावाचं कन्फर्मेशन हातात आल्याशिवाय पैशांची देवघेव करू नका. विमा मात्र नव्या प्रवाशाचा वेगळाच काढावा लागतो, जुना त्याला लागू होत नाही.

आता रेल्वे, कारण सोलापूरहून मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसचीही तिकिटं होती. रेल्वेत कन्फर्म तिकिटावरचं नाव एकदाच बदलतं, तेही गाडी सुटायच्या २४ तास आधी, आरक्षण खिडकीवर जाऊन. तिकिटाची प्रिंट, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा लागतो, आम्ही रेशन कार्ड नेलं. खिडकीवरच्या बाईंनी ते उलटंपालटं करून विचारलं, "तिकीट ज्यांचं, त्यांच्या या कोण?" वहिनींची नणंद म्हटल्यावर त्यांनी कागद परत सरकवले. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको, एवढीच नाती चालतात. क्रूझने जिला विनातक्रार घेतलं, ती नणंद रेल्वेच्या यादीत बसेना. वहिनींचं तिकीट रद्द केलं आणि ताईसाठी नवं काढलं.

क्रूझचं नाव बदललं की वेब चेक-इन नव्याने करा. तिथेच जहाजावरच्या खर्चासाठी कोणाचं कार्ड जोडलंय तेही तपासा. जहाजावर बहुतेक सगळं खोलीच्या खात्यावर लागतं आणि शेवटी त्या कार्डावरून कापलं जातं. आम्ही हे पाहिलंच नाही. ताई बॅलार्ड पिअरला उतरून टॅक्सी शोधत होती, तेवढ्यात इकडे सोलापुरात पाय उशीवर ठेवून बसलेल्या वहिनींच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजला.