खाणीच्या तोंडाशी उतार सावरताना

चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणी पाहून मी मायनिंगकडे वळलो. तिकडे जमीन सपाट, आणि इन्क्लाईन म्हणजे जमिनीत तिरका उतरत जाणारा बोगदा. त्यामुळे एम.एस.साठी वेस्ट व्हर्जिनियात आलो आणि पहिल्यांदा साइटवर गेलो, तेव्हा खाण नेमकी कुठे आहे हेच कळेना. समोर नुसता झाडीने भरलेला डोंगर!

ॲपलाचियन डोंगरांत कोळशाचा थर साधारण आडवा असतो आणि उतारावर उघडा पडतो. तो दिसतो तिथे डोंगर कापून ओटा करतात. मागे उभा कडा उरतो, त्याला हायवॉल म्हणतात. कड्याच्या पायथ्याशी तोंडं पाडून आत शिरायचं. कुठून हवा जाते, कुठून कोळशाचा बेल्ट बाहेर येतो. या सगळ्याला इथे ‘फेस-अप’ हा शब्द आहे. खाण संपली की तोंडं बंद करायची, कडा बुजवायचा आणि डोंगर जवळपास मूळ आकारात आणायचा. मी गेली काही वर्षं हेच काम करतो.

अमेरिकेच्या १९७७च्या केंद्रीय कायद्याने हे बंधनकारक केलं. २० अंशांपेक्षा जास्त चढ असेल तर नियम आणखी कडक, खोदलेला माल खालच्या उतारावर ढकलायला मनाई. भरावाचा सुरक्षा गुणांक किमान १.३ लागतो, म्हणजे उताराला खाली ओढणाऱ्या बलापेक्षा धरून ठेवणारं बल निदान १.३ पट हवं. जुन्या खाणींची अडचण वेगळी. तेव्हा ओटा कापताना निघालेला माल सरळ खाली लोटलेला असायचा. आता कडा बुजवायचा, तर माती आणायची कुठून? पोकलेनने खालून वर ओढायची. पण खालच्या त्या मालावर एव्हाना तीस-चाळीस वर्षांचं जंगल उभं असतं. तो भराव बसलेला, स्थिर आणि निरुपद्रवी असल्याचं दाखवता आलं, तर कायदा तो तसाच ठेवू देतो. असा उतार उकरण्याआधी दहादा विचार करा, असं मी नव्या पोरांना कळकळीने सांगतो.

भारतातून विद्यार्थी विचारतात, ‘सर, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ शिका, कुठलंही शिका. पण त्याआधी पाण्याचा माग काढायला शिका.

माझ्या पहिल्या साइटवर आम्ही पाहणी केली ती सप्टेंबरमध्ये. बोअर कोरडे, कडा कोरडा. भराव घातला, थराथराने दबाई केली, बी पेरलं. मार्चमध्ये बर्फ वितळलं, त्यावर चार दिवस पाऊस लागला आणि फोन आला. जाऊन पाहिलं तर भरावाच्या माथ्यावर पंजा आत जाईल एवढी भेग, पायथा फुगलेला, आणि त्यातून तांबूस-नारिंगी पाणी झिरपत होतं. तो रंग लोखंडाचा. कोळशालगतच्या दगडातल्या पायराइटला, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजाला, हवापाणी लागलं की असं पाणी येतं. हायवॉलमधला एक झरा आम्ही भरावाखाली गाडून टाकला होता. माळीणची बातमी वाचलेला माणूस मी. भिजलेला डोंगर काय करतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. खाली वस्ती नव्हती, एवढंच नशीब. सगळा भराव काढला, मागे मोठ्या दगडांचा निचरा घातला, झऱ्याला पाइपने वाट दिली आणि पुन्हा भरला.

तेव्हापासून मी उतार पावसाळी दिवसांत चालून पाहतो. झाडांची खोडं बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेली दिसली, तर जमीन हळूहळू सरकते आहे असं समजा. कोरड्या दिवसांतही हिरवा राहणारा पट्टा म्हणजे पाझर. खाणीचं तोंड बंद करतानाही हीच गोष्ट: आत पाणी तुंबतं, म्हणून तोंडावरच्या बांधात पाइप ठेवतात. पाइप नसेल किंवा गाळाने बुजला, तर दाब वाढून एक दिवस सगळं फुटून बाहेर येतं.

दुसरा पेच झाडांचा. उतार टिकायला दबाई हवी आणि मुळांना मोकळी माती. सुरुवातीला आम्ही पृष्ठभागही डोझरने चोपून गुळगुळीत करायचो. दिसायला छान, पण ओक तिथे खुरटायचे. आता आतला भराव घट्ट दाबतात आणि वरचे चारेक फूट सैल, ओबडधोबड ठेवतात. पाणी तिथेच मुरतं, रोपं धरतात. डोळ्यांना ते अर्धवट काम वाटतं, साहेबांना पटवावं लागतं, पण पटवा.

बाकी थोडक्यात. भूमिगत खाणीत काम करायचं तर आधी ४० तासांचं सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं आहे. एफ.ई. ही इंजिनिअरिंगच्या मूलतत्त्वांची परीक्षा शिकत असतानाच उरका, पुढे पी.ई. म्हणजे व्यावसायिक इंजिनिअरच्या परवान्याला तीच पायरी लागते. डोझर चालवणाऱ्यांशी दोस्ती करा. आणि घाई असेल तर या कामात येऊ नका: शेवटची पेरणी झाली की इथे निदान ५ वर्षं जबाबदारी तुमच्यावर असते, मगच डोंगर पूर्ववत करण्याच्या हमीपोटी ठेवलेली अनामत पूर्ण सुटते.

त्या पहिल्या साइटवर मी अजून दर मार्चमध्ये जातो. आधी पाइपच्या तोंडाशी बसून पाणी वाहतंय ना ते बघतो, मग वर चढतो.