फाईल पुसली तरी डिस्क भरलेलीच? कर्नलचं दप्तर एलएसओएफने कसं वाचावं

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम भरात आला की चोपडा भागातल्या जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. अशाच एका संध्याकाळी तिथल्या एका मुनीमजींचा मला फोन आला. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमधून पावती निघत नव्हती. मशीन लिनक्सवर चालणारं, आणि डिस्क पूर्ण भरलेली. सगळ्यात मोठी लॉग फाईल, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची नोंद जिच्यात लिहीत जातो ती, त्यांनी स्वतःच शोधून पुसलीही होती. “भाऊ, फाईल तं पुशी टाकी, तरी जागा काबर व्हयनी नही?” बाहेर शेतकरी ताटकळत उभे होते आणि मुनीमजींचा हात मशीन बंद करायच्या बटणाकडे चालला होता. मी म्हटलं, थांबा. आधी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, विचारू, फाईल कोणाच्या ताब्यात आहे.

हे विचारायचं साधन म्हणजे एलएसओएफ. ‘उघड्या फाईलींची यादी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं ते लघुरूप. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संगणक केंद्रातले विक एबेल यांनी ते लिहिलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं.

आज्ञा टाईप करण्यापूर्वी आत काय असतं ते समजून घ्या, म्हणजे पडद्यावरचे आकडे बोलू लागतील. कर्नल तीन तक्ते ठेवतो. पहिला तक्ता प्रत्येक चालू प्रोग्रामचा स्वतंत्र: त्याने उघडलेल्या प्रत्येक फाईलला एक क्रमांक. ०, १ आणि २ हे क्रमांक ठरलेले, अनुक्रमे इनपुट, आउटपुट आणि चुकांचे संदेश. पुढच्या फाईलींना साधारण ३ पासून क्रमांक मिळतात. दुसरा तक्ता सगळ्या मशीनचा मिळून एकच असतो आणि त्यात कोण फाईलमध्ये कुठपर्यंत वाचत किंवा लिहीत गेलं ती जागा असते. तिसरा आयनोडचा, म्हणजे प्रत्यक्ष फाईलचा: तिचा आकार, मालक, डिस्कवरची जागा, आणि तिला किती नावं जोडलेली आहेत तो आकडा.

फाईलचं नाव आयनोडमध्ये नसतं, ते फोल्डरमध्ये असतं. सातबाऱ्यावरचं नाव आणि रानातला कब्जा यांत जो फरक, तोच इथे. उताऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून कसणाऱ्याने औत सोडलं, असं होत नाही. फाईल पुसली म्हणजे नाव कमी झालं, इतकंच. जोवर एखादा प्रोग्राम ती उघडी धरून बसला आहे, तोवर कर्नल डिस्कवरची जागा सोडत नाही. काट्याच्या मशीनवर नेमकं हेच झालं होतं.

आता कामाला लागू. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितो. कीबोर्डवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाईप करायच्या, जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगेन. बऱ्याच सर्व्हरवर साधन आधीपासून असतं. उबुंटूवर नसेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एलएसओएफ’. सुडो म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने आज्ञा देणं. पुढच्या आज्ञाही सुडो लावूनच द्या, नाहीतर दुसऱ्यांच्या प्रोग्रामची माहिती अर्धवट दिसते आणि आपण भलताच निष्कर्ष काढतो.

नुसतं ‘एलएसओएफ’ देऊ नका, हजारो ओळी सरकत जातील. आधी एकाच फाईलपासून सुरुवात करा: ‘सुडो एलएसओएफ’, मग जागा सोडून फाईलचा पूर्ण पत्ता. येणाऱ्या ओळीत पहिल्या रकान्यात प्रोग्रामचं नाव, दुसऱ्यात त्याचा क्रमांक म्हणजे पीआयडी, मग वापरकर्ता. चौथा रकाना एफडी, तोच सगळ्यात महत्त्वाचा. तिथे ‘४डब्ल्यू’ असेल तर पहिल्या तक्त्यातला ४ हा क्रमांक, लिहिण्यासाठी उघडलेला. ‘आर’ म्हणजे वाचण्यासाठी, ‘यू’ म्हणजे दोन्हीसाठी. ‘सीडब्ल्यूडी’ म्हणजे प्रोग्राम सध्या त्या फोल्डरमध्ये बसला आहे. शेवटच्या रकान्यात नाव.

पुसलेल्या पण अजून धरून ठेवलेल्या फाईली शोधायला: ‘सुडो एलएसओएफ’, जागा, अधिकचं चिन्ह, मोठा एल, आणि लगेच १ चा आकडा. अर्थ असा की जिला जोडलेली नावं एकापेक्षा कमी, म्हणजे शून्य, अशा फाईली दाखव. मुनीमजींच्या मशीनवर एकच मोठी ओळ आली. पावत्यांचा प्रोग्रामच आपली लॉग फाईल घट्ट धरून होता. डिस्कची जागा सांगणारी ‘डीएफ’ आज्ञा डिस्क भरलेली दाखवते आणि फाईलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज त्यापेक्षा खूप कमी येते, असं कोडं पडलं की पहिली आज्ञा हीच द्या.

सोपा उपाय म्हणजे तो प्रोग्राम नीट बंद करून पुन्हा सुरू करणं. धरलेली फाईल सुटते, जागा परत मिळते. पण ट्रॅक्टर काट्यावर उभा असताना ते जमत नाही. अशा वेळी लिनक्समध्ये दुसरी वाट आहे. समजा पीआयडी १२३४ आणि एफडी ४ आहे. तर ‘/प्रॉक/१२३४/एफडी/४’ या पत्त्यावर पुसलेली फाईल अजूनही हाताला लागते. आधी ‘सीपी’ने तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. (चुकून पुसलेली कामाची फाईलही याच वाटेने परत मिळवता येते, फक्त प्रोग्राम चालू असेपर्यंत. म्हणून घाईत मशीन बंद करणं सगळ्यात वाईट.) मग ‘सुडो ट्रंकेट -एस ०’ आणि पुढे तोच पत्ता. फाईल रिकामी होते, प्रोग्राम चालू राहतो. हे फक्त लॉग फाईलवर करा. डेटाबेसच्या फाईलला असा हात लावलात तर हिशेब कायमचे जातील. तिथे मी ही आज्ञा कधीही देत नाही.

पेनड्राइव्ह काढताना ‘टार्गेट इज बिझी’ असा संदेश आला तर एलएसओएफला पेनड्राइव्ह जिथे जोडला आहे तो पत्ता द्या. बहुतेकदा एखादा टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उभा असतो आणि ‘सीडब्ल्यूडी’ दिसतं. तिथून ‘सीडी’ने बाहेर पडा, झालं.

पोर्ट, म्हणजे जाळ्यावरून प्रोग्रामशी बोलायचं क्रमांक दिलेलं दार, कोणी अडवलं असेल, समजा ८०८०, तर ‘सुडो एलएसओएफ -एन -पी -आय :८०८०’. यातला पी मोठा. एनमुळे आयपी पत्त्यांची नावं शोधणं टळतं. हे न दिल्यास, गावाकडे इंटरनेट गेलेलं असताना आज्ञा मिनिटभर अडकून राहते आणि साधनच बिघडलं असं वाटतं. मोठ्या पीमुळे पोर्ट आकड्यातच दिसतं.

एक खोड लक्षात ठेवा. एका वापरकर्त्याची जाळ्यावरची जोडणी बघायला ‘-यू’ आणि ‘-आय’ दोन्ही दिले की एलएसओएफ ‘हे किंवा ते’ असा अर्थ घेतं आणि ढीगभर ओळी देतं. दोन्ही अटी एकत्र हव्या असतील तर मध्ये ‘-ए’ घाला. सुरुवातीला मीही यात बराच वेळ घालवला आहे.

‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही तक्रार आली तर ‘यूलिमिट -एन’ देऊन टर्मिनलमधली मर्यादा बघा; बऱ्याच ठिकाणी ती १०२४ असते. प्रोग्रामची स्वतःची मर्यादा ‘/प्रॉक/१२३४/लिमिट्स’मध्ये दिसते. मग ‘सुडो एलएसओएफ -पी १२३४’ देऊन, इथे पी लहान, त्याने काय काय उघडलं आहे ते वाचा. एकच फाईल किंवा जोडणी शेकडो वेळा दिसली तर दोष प्रोग्रामचा आहे, तो उघडतो पण मिटत नाही. मर्यादा वाढवल्याने तक्रार फक्त पुढे ढकलली जाते. सगळ्या मशीनचा हिशेब ‘/प्रॉक/सिस/एफएस/फाइल-एनआर’ वाचून मिळतो: तीन आकडे येतात, पहिला वापरातला, शेवटचा कमाल मर्यादेचा.

जिनिंगच्या मशीनवर त्या रात्री प्रत घेतली, फाईल रिकामी केली, पावत्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी काटा बंद झाल्यावर लॉग फाईली वेळोवेळी आवरणारं लॉगरोटेट हे साधन बसवलं आणि त्यात ‘कॉपीट्रंकेट’ची ओळ घातली. आता लॉगची प्रत निघते आणि मूळ फाईल जागेवरच रिकामी होते. कोणी ती पुसायला जात नाही.